चौथा तारा

नोव्हेंबर २०१९ मधली गोष्ट. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आम्ही रविवारी दुपारी जेवायला गेलो होतो. लॉबीत कसलीशी बैठक चालू होती. दाराशी एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रांची चळत आणि एका लाकडी ठोकळ्यात खोचलेले वीतभर उंचीचे पाच झेंडे. माझी मुलगी मुक्ता तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत नुकतेच शेजारच्या देशांचे झेंडे शिकवले होते, त्यामुळे तिला तिथून हलवणं अशक्य झालं. मॉरिशसचा लाल-निळा-पिवळा-हिरवा, सेशेल्सचा कोपऱ्यातून पंख्यासारखा उघडणारा, मादागास्करचा, फ्रान्सचा आणि पाचवा कोमोरोसचा. चार पट्टे, हिरव्या त्रिकोणात चंद्रकोर आणि कोरीच्या दोन टोकांमध्ये एकाखाली एक तारे. तिने झेंडा ठोकळ्यातून उपसून हातात घेतला आणि बोट ठेवत तारे मोजले. "आई, कोमोरोसची बेटं तीन ना गं? मग तारे चार कसे?" तिच्या वर्गातल्या नकाशात मायोत वेगळ्या रंगात होतं, त्यामुळे तिच्या लेखी बेटं तीन.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सभागृहातून बाहेर आलेले एक गृहस्थ थांबले. साठीचे असतील. अंगात कोट, डोक्यावर नक्षीकाम केलेली गोल टोपी. त्यांना मराठी कळायचं कारण नव्हतं, पण "कोमोरोस" हा शब्द आणि मुक्ताची आधी तीन, मग चार बोटं त्यांना पुरेशी होती. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, पुन्हा मोज. तिने मोजले. प्रत्येक ताऱ्याबरोबर त्यांनी एकेक नाव घेतलं : नगाझिद्जा, न्झुआनी, म्वाली, माओरे. शेवटचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. मग झेंडा तिच्या हातून घेऊन ठोकळ्यात परत खोचला. खोचताना धक्का लागला आणि शेजारचा फ्रान्सचा झेंडा कलंडला. त्यांनी तोही सरळ केला, त्याच्या कापडाची दुमडलेली कड अंगठ्याने सारखी केली, आम्हाला मान लवून नमस्कार केला आणि आत गेले.

माओरे म्हणजे मायोत. ते फ्रान्सकडे आहे.

ती कड सारखी करणारा अंगठा माझ्या मनातून जाईना. नुसता शिष्टाचार म्हणून सोडून द्यावा, तर शेवटचं नाव दोनदा घेताना त्यांच्या आवाजात जे होतं ते शिष्टाचाराचं नव्हतं. १९७४ मध्ये कोमोरोसच्या चारही बेटांवर मतदान झालं. तिघांनी स्वातंत्र्य मागितलं, मायोतने फ्रान्सकडे राहायचं ठरवलं. पुढच्या वर्षी ६ जुलैला कोमोरोस स्वतंत्र झाला तो चार बेटांचा देश म्हणून, आणि प्रत्यक्षात हातात राहिली तीन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावामागून ठराव करून मायोत कोमोरोसचं म्हटलं. मायोतच्या लोकांनी मतदानामागून मतदान करून आम्ही फ्रान्सचे म्हटलं. २०११ पासून ते रीतसर फ्रान्सचा जिल्हा आहे. मधला समुद्र सत्तरएक किलोमीटरचा. आमच्या श्रीवर्धनहून होडीने गुहागरला जावं तेवढा, थोडा जास्त. १९९५ पर्यंत न्झुआनीचा माणूस बहिणीकडे जायला निघावा तसा मायोतला जात होता. त्या वर्षी व्हिसा आला. तेव्हापासून लोक रात्रीच्या अंधारात 'क्वासा-क्वासा' नावाच्या उथळ होड्यांतून जातात, आणि त्या समुद्राने किती हजार माणसं घेतली याचा नेमका हिशेब कुणाकडेच नाही. तो तारा त्या माणसाच्या झेंड्यावर आहे, ते बेट शेजारच्या झेंड्याखाली आहे, आणि दोन झेंडे एका ठोकळ्यात वीतभर अंतरावर.

मी तेव्हा मॉरिशसमधल्या एबेनला एका कंपनीत हिशेब बघायचे. त्या पाच झेंड्यांच्या देशांची संघटना म्हणजे हिंदी महासागर आयोग, आणि तिचं कार्यालयही एबेनलाच. तिथले लोक आयोगाला नुसतं 'सेओई' म्हणतात, फ्रेंच आद्याक्षरांवरून. बसमधून येता-जाता नाव कानावर पडायचं, पण आत काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या रविवारनंतर मी वाचू लागले. डिसेंबर १९८२ मध्ये पोर्ट लुईत मॉरिशस, मादागास्कर आणि सेशेल्स असे तिघे बसले. जानेवारी १९८४ मध्ये सेशेल्सच्या राजधानीत, व्हिक्टोरियात, करार झाला. १९८६ मध्ये कोमोरोस आले आणि रेयुनियनच्या वतीने फ्रान्स आला. "रेयुनियनच्या वतीने" हे शब्द मी बराच वेळ बघत बसले होते. रेयुनियन हा देश नाही, मॉरिशसशेजारचं फ्रान्सचं बेट आहे. पाचव्या खुर्चीवर बसायचं कारण ते बेट आहे, पण खुर्चीवरची पाटी पॅरिसची. तीन कोटींवर लोकसंख्येचं मादागास्कर, लाखभराचं सेशेल्स, युरोपचं चलन खिशात असलेलं रेयुनियन. इतकी असमान माणसं एका पंगतीला बसली की वाढपी कोण आणि जेवणारे कोण हा प्रश्न उठणारच. आयोगाच्या कामांना पैसा येतो तो बराचसा युरोपीय संघाकडून आणि फ्रान्सच्या विकाससंस्थेकडून. ज्याच्याशी जमिनीचा वाद, त्याच्याच पैशाने साथीच्या रोगावर लक्ष ठेवायचं. हे मला आधी नुसतं लाचारीचं वाटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं.

पण असं काहीतरी मी आधी पाहिलं होतं, आणि अगदी घरात.

श्रीवर्धनला आमची पोफळीची वाडी आहे. माझे बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ नानाकाका यांच्यात वाडीच्या पूर्वेकडच्या बांधावरून दावा चालू आहे. चालू आहे म्हणजे मी सहावीत होते तेव्हापासून. आधी तिथल्याच कोर्टात, मग अलिबागला अपिलात. बांध चार हात सरकवला असं बाबांचं म्हणणं. मुळात तुमच्या आजोबांनीच सरकवला होता असं काकांचं. दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाचं ताट जात नाही. पण दोन्ही वाड्यांना पाणी देणारी विहीर एकच आहे आणि सातबाऱ्यावर तिच्यापुढे 'सामायिक' असं लिहिलेलं आहे. शिंपण्याची पाळी ठरलेली : एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा. मे महिन्यात विहीर उपसायची असते तेव्हा दोन्ही घरची माणसं उतरतात. गाळाची घमेली वर ओढताना दोराच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काका. बोलणं होतं ते "सोड", "धर", "थांब" एवढंच. आणि तारखेच्या दिवशी पहाटेच्या अलिबाग एसटीला दोघे एकाच थांब्यावर उभे असायचे. एसटी एकच. कधी एकाच बाकावर बसावं लागायचं. आई आंबोळ्या जरा जास्तच द्यायची डब्यात. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि बाबांनी कधी विचारलं नाही.

वादाचा निकाल लागेपर्यंत पोफळी पाण्यावाचून थांबत नाहीत. लहानपणी मला ते सगळं ढोंग वाटायचं. भांडायचं तर नीट भांडा, नाहीतर मिटवा.

२००६ च्या पावसाळ्यात बाबांना चिकनगुन्या झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र वर्षभर धरलेले. सुपारी कातरायचा अडकित्ता हातात धरता येईना. सकाळी खाटेवरून उठताना ते भिंतीला हात लावून, कमरेत वाकून, एकेक पाऊल टाकत मोरीपर्यंत जायचे. त्या रोगाचं नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंदे लोकांच्या भाषेतलं, आणि त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारं' असा काहीसा आहे, हे मला मॉरिशसला गेल्यावर कळलं. आणि कळलं की तो आमच्याकडे कुठून आला. २००४ मध्ये केनियाच्या लामू बेटावर साथ होती. २००५ च्या सुरुवातीला कोमोरोसमध्ये माणसं वाकली. तिथून मायोत, रेयुनियन, मॉरिशस, सेशेल्स. त्याच साथीचा विषाणू त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात उतरला. रेयुनियनवर तर हाहाकार झाला : सुमारे २,६६,००० लोकांना लागण, म्हणजे बेटावरच्या तीन माणसांमागे एकाहून जास्त. तिथे विषाणूत एक बारीकसा बदल झाला आणि दिवसा चावणाऱ्या पट्टेरी 'टायगर' डासात तो अधिक सहज वाढू लागला. म्हणजे ज्या बेटांची नावं आमच्या वाडीत कुणी ऐकलीही नव्हती, त्यांच्या अंगणातून फिरून तो ताप आमच्या मोरीच्या भिंतीपर्यंत आला होता. हे वाचलं त्या रात्री मी बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, "म्हणजे त्यांचेही गुडघे अजून दुखत असतील."

त्या साथीनंतर आयोगाने बेटांच्या आरोग्य खात्यांना जोडणारं जाळं उभं केलं. आधी अशी पक्की वाट नव्हती. कोमोरोसच्या दवाखान्यात ताप वाढला तर सेशेल्सच्या डॉक्टरला तो वेळेत कळेल याची काही हमी नव्हती. या जाळ्याचं फ्रेंच नाव लांबलचक, पण आद्याक्षरं जुळून शब्द होतो 'सेगा'. त्या बेटांवर सेगा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. गुलामांनी रात्री विस्तवाभोवती गायलेलं, नाचलेलं गाणं. त्यात वाजतो तो 'रवान', बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ. वाजवण्याआधी जाळावर धरून तापवतात, मग तो बोलायला लागतो. आमच्याकडे शिमग्यात डफ शेकतात तसाच. एकाने ठेका धरला की तो पलीकडच्याला ऐकू जावा, एवढंच त्या आरोग्याच्या जाळ्याचं काम. त्याने रोग थांबत नाही. २०२५ मध्ये रेयुनियनवर चिकनगुन्या पुन्हा आला आणि पुन्हा हजारोंनी माणसं अंथरुणाला खिळली. मात्र शेजाऱ्याला कळवण्याची वाट आता तयार होती.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनवरून गेलं. मी मॉरिशसमध्ये, विमानं बंद, फोन दोन दिवस लागला नाही. लागला तेव्हा बाबा फक्त म्हणाले, "वाडी गेली." पोफळी कमरेत मोडून एकमेकांवर पडलेल्या, घराची कौलं शेजारच्या वाडीत. सगळ्यात आधी कोयता घेऊन आमच्या दारात कोण आलं ते त्यांनी त्या फोनवर सांगितलं नाही. नंतर आईने सांगितलं.

त्याच वर्षी २५ जुलैला 'वाकाशिओ' नावाचं मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेयेला, प्वांत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं. बारा दिवस ते तसंच उभं होतं आणि आम्ही रोज बातम्यांत बघत होतो, जणू ते आपोआप निघून जाणार होतं. ६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे हजार टन तेल त्या निळ्या लगूनमध्ये सांडलं. जहाजाचा कप्तान भारतीय होता. पुढे त्याला शिक्षा झाली. त्या दिवसांत भाजीवाल्याने "तू इंडियाची ना?" विचारलं तरी माझी मान खाली जायची. शनिवारी आम्ही माएबूरला गेलो. गाडीतून उतरायच्या आधीच वास आला. डांबर तापवल्यावर येतो तसा, पण घशात चिकटून राहणारा. धक्क्यावर माणसांची रीघ होती आणि ट्रकमधून उसाचं पाचट उतरत होतं. कुणीतरी शोधून काढलं होतं की पाचट तेल धरतं. मग साऱ्या देशाने कापडाच्या लांब नळ्या शिवायला घेतल्या, आत पाचट कोंबायचं, रिकाम्या बाटल्या बांधायच्या म्हणजे ती तरंगते, आणि तेलाला बांध घालायचा. केशकर्तनालयांतून केस गोळा करून आणले होते. कोल्हापूर-सांगलीकडे शेतात जाळतात ते पाचट मी हाताने कोंबत होते आणि त्याची कड बोटांना ब्लेडसारखी कापत होती.

माझ्या शेजारी एक मादागास्करची मुलगी होती. कपड्याच्या कारखान्यात कामाला. मॉरिशसच्या कारखान्यांत त्यांची पुष्कळ मुलं-मुली आहेत. तिच्या हातात दाभण होतं आणि ती माझ्या चौपट वेगाने नळीची तोंडं शिवत होती. तिला मराठी येत नव्हती, मला मालागासी. क्रिओल म्हणजे मॉरिशसची बोली; दोघींच्या मोडक्या क्रिओलमध्ये जेवढं जमेल तेवढं. तिचं गाव तामातावकडे, मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर. तिने मला एकच प्रश्न विचारला : इथला प्रवाह कुठे जातो? मी म्हटलं, मला माहीत नाही. पलीकडचा एक म्हातारा कोळी मान वर न करता म्हणाला, "लवेस." पश्चिमेला. पश्चिमेला आधी रेयुनियन, त्यापुढे तिचं गाव. तिने दाभणात पुन्हा सुतळी ओवली.

रेयुनियनहून फ्रान्सच्या लष्कराचं विमान तेल अडवायचं सामान घेऊन आलं, जहाजही आलं. विमानाने पाऊण तासाचं अंतर. आठवड्याभराने भारतातून तीस टन सामान आणि तटरक्षक दलाची माणसं आली, तेव्हा माझी मान जरा वर झाली. लोक कृतज्ञ होते आणि त्याच वेळी कुरकुरतही होते. माझा एक सहकारी, पोर्ट लुईचा, म्हणाला की मदत करतात ती त्यांच्या किनाऱ्यावर येऊ नये म्हणून. मी विचारलं, मग वाईट काय त्यात? तो चिडला. ब्रिटनने लष्करी तळासाठी रिकामी केलेल्या चागोस बेटांवरून हाकलले गेलेल्यांपैकी त्याचे आजोबा होते. मोठ्या देशांनी नकाशावर ओढलेल्या रेघा त्याच्या घरात जेवायला बसलेल्या असत. मी पुढे बोलले नाही. तो चुकीचा होता असं मला वाटत नाही.

पुढे दोन आठवड्यांत गणपती आले. मॉरिशसमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मजुरीला गेलेल्यांच्या नातवा-पणतवंडांनी तो सण तिथे रुजवला आहे. आमच्या ओळखीच्या एका आजींच्या घरी आरती होती. त्यांना मराठी बोलता येत नाही, पण "दर्शनमात्रे मनकामना पुरती" म्हणताना एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. आरतीनंतर त्या क्रिओलमध्ये बराच वेळ बोलल्या, १९६० च्या 'कॅरोल' वादळाबद्दल : घर उडालं, आईने पोरांना उसाच्या सरीत आडवं झोपवलं. त्या भागातल्या वादळांना नावं आजही मॉरिशस आणि मादागास्करच्या वेधशाळा ठेवतात, आणि मुख्य केंद्र रेयुनियनवर आहे. रेखांश पंचावन्नच्या पूर्वेला नाव पडलं तर मॉरिशसने ठेवायचं, पश्चिमेला तर मादागास्करने. मुक्ताला हे फार आवडलं होतं. बाळ कुणाच्या अंगणात जन्मलं त्यावर आत्या ठरणार.

बेटांच्या भांडणांत मायोत एकटं नाही. मॉरिशसच्या उत्तरेला त्रोमलँ नावाचं वाळूचं एक बेट आहे, जेमतेम चौरस किलोमीटरभर. ताबा फ्रान्सचा, दावा मॉरिशसचा. २०१० मध्ये दोघांनी मिळून सांभाळायचा करार केला. तो २०१७ मध्ये फ्रान्सच्या संसदेपुढे येणार होता, पण चर्चेआधीच मागे घेतला गेला. सारी ओढाताण भोवतीच्या अडीच लाखांहून जास्त चौरस किलोमीटर समुद्रासाठी, त्यातल्या ट्यूनासाठी. पण मला त्या बेटाचं नाव ऐकलं की दुसरंच आठवतं. १७६१ मध्ये मादागास्करहून गुलाम भरून मॉरिशसकडे निघालेलं एक फ्रेंच जहाज तिथे फुटलं. खलाशांनी मोडतोडीतून होडी बांधली, गुलामांना मागे ठेवलं आणि परत येतो असं सांगून गेले. कुणी आलं नाही. पंधरा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १७७६ ला, एक जहाज पोचलं तेव्हा सात बायका आणि आठ महिन्यांचं एक बाळ जिवंत होतं. झाड नसलेल्या त्या बेटावर प्रवाळाचे दगड रचून त्यांनी घरं केली होती, पक्ष्यांच्या पिसांचं कापड विणलं होतं. त्यांना मॉरिशसला आणलं. आजच्या दाव्याच्या कागदांत त्या सात जणी कुणाच्या बाजूने मोजायच्या? जहाज फ्रान्सचं, माणसं मादागास्करची, बंदर मॉरिशसचं.

कधीकधी ठोकळ्यातून झेंडे बाहेरही पडतात. २०१५ मध्ये रेयुनियनवर हिंदी महासागरातल्या बेटांच्या क्रीडास्पर्धा होत्या. मायोतच्या खेळाडूंनी संचलनात कुठल्या झेंड्यामागे चालायचं हे नियमात ठरलेलं. प्रत्यक्षात ते फ्रान्सच्या झेंड्यामागे चालले असं म्हणत कोमोरोसने आपला संपूर्ण संघ परत बोलावला. त्या पोरांनी चार वर्षं धावण्याचा सराव केला असेल, आणि बॅगा भरून न धावता घरी गेली. त्या टोपीवाल्या गृहस्थांचा नातू असेल का त्यांत, असा विचार माझ्या मनात आला होता. सगळं गोडीगुलाबीने चालतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. आमच्या विहिरीवरही एका उन्हाळ्यात काकांनी पंपाची वायर तोडली होती.

आम्ही २०२२ मध्ये पुण्याला परतलो. १४ डिसेंबर २०२४ ला 'चिदो' वादळ मायोतवर आदळलं. पत्र्याच्या वस्त्याच्या वस्त्या टेकड्यांवरून पुसल्या गेल्या. त्या वस्त्यांत राहणारे बरेचसे होड्यांतून आलेले, न्झुआनीचे, कागद नसलेले. म्हणून किती मेले हे मोजणंही अवघड. मदतीची विमानं रेयुनियनहून जात होती. आणि कोमोरोसने आठवडाभराचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. दुसऱ्या देशाच्या जिल्ह्यासाठी नाही. त्यांच्या हिशेबी स्वतःच्या बेटासाठी. सुतक कुणी धरावं हे कोर्ट ठरवत नाही. ती बातमी वाचताना मला तो अंगठा पुन्हा दिसला, आणि शेवटचं नाव दोनदा घेणारा आवाज. पुढच्या एप्रिलमध्ये आयोगाची शिखर परिषद मादागास्करला झाली. फ्रान्सचं म्हणणं पडलं की मायोतलाही आयोगाच्या कामांत हळूहळू सामावून घ्यावं; कोमोरोसने नाही म्हटलं. मला दोन्ही बाजू कळतात, आणि म्हणूनच त्रास होतो. उद्या तिथे साथ आली, तर ती चौथ्या बेटाला वगळून जाणार नाही. पण त्याला वेगळी खुर्ची दिली, तर ताऱ्यावरचा हक्क आपल्याच हाताने सोडल्यासारखं होतं. बांध मोजायला आलेल्या माणसाला बाबांनी पाणी दिलं होतं, पण सही दिली नव्हती.

यंदाच्या मेमध्ये विहीर उपसायला आम्ही श्रीवर्धनला होतो. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता छातीच्या वर आल्या आहेत, अजून धरलेल्या नाहीत. रोठा सुपारीला सहा-सात वर्षं थांबावंच लागतं. बाबांना आता उतरवत नाही, ते काठावर खुर्ची टाकून बसले होते. दोर नानाकाकांच्या हातात. मुक्ता घमेली रिकामी करत होती आणि करताना काहीतरी पुटपुटत होती. काकांनी विचारलं, "काय गं, कसले मंत्र?"

"मोजतेय, नानाआजोबा. नगाझिद्जा, न्झुआनी, म्वाली, माओरे. चार झाली की पुन्हा पहिल्यापासून."

"कुणाची नावं ही?"

"बेटांची. चार आहेत. म्हणजे तीन एकत्र आणि एक."

काकांनी दोर पायाखाली दाबून धरला, घाम पुसला. "म्हणजे चौथा वेगळा निघालाय होय?"

"निघालाय. पण झेंड्यावर आहे."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. बाबा पाण्याकडे बघत होते. "असू दे," काका म्हणाले. "घमेलं सोड खाली."